भांडणाची शिकवणी

आमच्या मामेसासऱ्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकं फर्मास भांडायला शिकवणाराही. निवृत्तीनंतर ते खांदा कॉलनीतल्या आपल्या हॉलमध्ये मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात, म्हणजे इंग्रजीत भांडायला शिकवतात. "थँक्यू, सॉरी सगळ्यांनाच येतं हो. तक्रार करता आली की भाषा आली," हे त्यांचं तत्त्व. त्यासाठी ते स्वतः कधी किडकी वांगी विकणारा भाजीवाला होतात, कधी फाटकी साडी बदलून न देणारा दुकानदार. विद्यार्थ्याने एकच प्रश्न धरायचा आणि उत्तर मिळेपर्यंत सोडायचा नाही. मामा हरले की तास सुटतो. मराठीत मात्र हेच मामा बाजारातून किडकी वांगी मुकाट घरी आणतात, आणि मामींनी परत करायला पिटाळलं तर कॉलनीला एक फेरी मारून तीच वांगी घेऊन येतात.

त्यांची लाडकी विद्यार्थिनी म्हणजे उरणकडच्या, एके काळी मिठागरं असलेल्या घरातल्या एक काकू. मुलगी लंडनला, पहिलं बाळंतपण, जवळ दुसरं बाईमाणूस नाही. काकूंना दुबईत विमान बदलून एकटीने वेळेत पोचायचं होतं. त्या भांडायच्या झकास, पण ऐन शेवटी मामांचा पडलेला चेहरा पाहून खुदकन हसायच्या.

"हसलात की समोरचा सुटला," मामा बजावायचे.

"तुमी तोंडच असं करता, मास्तर. मी काय करू?"

काकू निघाल्या आणि मामांचा जीव टांगणीला लागला. फोन येईना. मी सोबतीला वर्गात जाऊन बसलो, तर दुकानदार झालेल्या मामांनी साडी पहिल्याच वाक्याला बदलून दिली, वर गिऱ्हाइकाची माफीही मागितली. "हसल्या असतील हो त्या," एवढंच मला म्हणाले. तेवढ्यात काकूंचा फोन आला. मामांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. पहिलं विमान उशिरा पोचल्यामुळे त्यांचं दुबईहून लंडनला जाणारं विमान चुकलं होतं, आणि काउंटरवरची मुलगी उद्या या म्हणत होती.

"मी एकच इचारलं, आजचं इमान कुटलं? ती कायबी बोलली तरी मी तेच. शेवटी दिली तिनं जागा. मास्तर, तिथं मी नाय हसली. पोरीची सुटका झाली, नात हातात घेतली, मंग हसली."

मामा मटकन खुर्चीत बसले आणि चष्मा पुसत राहिले. मला तर माझीच मुलगी सुखरूप सुटल्यासारखं हलकं वाटलं. मामींनी सगळ्यांना चहा केला.

काकू आता नातीपायी तिकडेच रमल्या आहेत. वर्ग चालू आहे. मामा अजून रोज हरतात, पण हल्ली कोणी हसत नाही. चेहरा पाडून ते क्षणभर काकूंच्या खुर्चीकडे बघतात, मग तास सुटल्याचं सांगतात.