धावत्या ट्रॅक्टरचा फोटो

कमरेचं दुखणं आणि लग्नसराई एकदमच सुरू होतात, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. त्या दिवशी एक साखरपुडा आणि एक बारसं उरकून मी जवळा बाजार गावातलं माझं फोटोचं दुकान बंद करत होतो, तेवढ्यात शेजारच्या गावच्या जत्रेचं बोलावणं आलं. ट्रॅक्टरच्या शर्यतीचे फोटो हवे होते. हळद निघालेल्या रानात, ट्रॉली सोडून ट्रॅक्टरची नुसती हेडं पळवायची, एका वेळी दोन. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! पण नाही कुणाला म्हणणार? दुकान याच लोकांवर चालतं.

शर्यत चारची होती, पाहुणे सहाला आले. मग सत्कार. शाल, फेटा, नारळ आणि प्रत्येकाचा फोटो. एखादा राहिला तर रुसेल म्हणून मंडपामागं विडी ओढत उभे असलेलेही हाका मारून आणले. त्या नारळांपायी माझ्या फ्लॅशचे सेल उतरले. पहिली जोडी सुटली तेव्हा अंधार पडला होता, आणि फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा पेटेपर्यंत चहा पिऊन होत होता.

कॅमेरा माझा जुना, दुसऱ्याचा वापरलेला. भिंग त्याच्याबरोबर आलं तेच. मांडवात नवरा-नवरीला ‘हलू नका’ म्हणून दटावलं की त्याच्यावर काम भागतं. ट्रॅक्टरला कोण दटावणार? बांबूंना बांधलेल्या हॅलोजनचा उजेड तो केवढा! शटर सावकाश ठेवलं की नुसता लाल पट्टा उमटायचा, जलद ठेवलं की काळोख. गाडीबरोबर कॅमेरा फिरवत न्यायचा असतो, हे मला ठाऊक आहे. माझ्या कमरेला ते ठाऊक नाही. शेवटच्या रेघेच्या जरा अलीकडं उभं राहून मी जोडीमागून जोडी घालवली आणि हाती धूळ आली. मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं, एवढंच.

शेवटच्या फेरीआधी एक ड्रायव्हर माझ्याकडे आला. बारा वर्षं एकाच मालकाच्या ट्रॅक्टरवर होता. ही शर्यत त्यानं दोनदा जिंकलेली. दोन्ही वेळा फेटा मालकाला आणि हार ट्रॅक्टरला. ते फोटो मीच काढले होते. त्यांत हा कुठंच नव्हता.

“भाऊ, बक्षीस मालकाचं,” तो म्हणाला. “पण चालू ट्रॅक्टरवरला एक फोटू माझा काढा. लेकरायला दाखवायचाय.”

“अंधारात येत नाही रे.”

“काहून येत न्हाई?”

समजावून सांगायचं त्राण नव्हतं. “माझ्यापुढून जाताना जरा दमानं घे,” मी म्हणालो. मांडवात दिवसातून शंभरदा म्हणतो, तसंच.

उजेडात आला तेव्हा तो हातभर पुढं होता. माझ्यासमोर येताच त्यानं वेग सोडला, मान वळवली आणि हसला. मी बटण दाबलं. फ्लॅश उडाला, आणि दुसरा ट्रॅक्टर पलीकडून रेघ ओलांडून गेला.

मालक ओरडला नाही. चालत आला, किल्ली मागून घेतली आणि दुसऱ्याच्या हातात दिली. तेव्हाच पुढं होऊन सांगायला हवं होतं, की याला मीच हळू घ्यायला लावलं. मी खाली बघत सेल पिशवीत भरत राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

बाजाराच्या दिवशी तो ड्रायव्हर दुकानात आला. फोटो मी मोठा करून ठेवला होता. शर्यतीचा तेवढा एकच स्वच्छ आला होता. त्यानं तो दाराच्या उजेडात धरला.

“ट्रॅक्टर उभाच दिसून राहिला की.”

“चूक माझी आहे. मी येतो, मालकाला सांगतो.”

“राहू द्या. दुसरा माणूस ठेवला त्यायनं.” मग म्हणाला, “हिंगोलीत गोदामावर हमालीचं काम भेटून राहिलं. पासपोर्ट साइजचे फोटू लागतेत.”

मी पडदा ओढला, स्टूल पुढं सरकवलं. तो बसला नाही.

“नवा नका काढू. ह्याच्यातलंच तोंड घ्या. ह्याच्यात मी हसून राहिलो.”

मी कॉम्प्युटरवर फोटो उघडला. आधी चाकं कापली, मग स्टिअरिंग, मग त्याचे दोन्ही हात.