चिमटीकाकांचा शब्द

कोळशाच्या खाणीवर त्यांना सगळे चिमटीकाका म्हणत. सर्वेक्षणाची माणसं जमिनीत भोक पाडून माती वर काढत आणि काका ती ओली करून अंगठा आणि बोटाच्या चिमटीत तिची पट्टी ओढत. पट्टी लांबली की चिकण, तुटली की वाळूसर. दहा नमुन्यांतला एकच प्रयोगशाळेत जाई, उरलेल्या नऊंना काकांची चिमटी पुरे. तीस वर्षांत प्रयोगशाळेने त्यांना एकदाही खोटं पाडलं नव्हतं, आणि हा तोरा काका भाजीवाल्यासमोरसुद्धा मिरवत.

निवृत्तीला वर्ष उरलं आणि बोटं बधिर व्हायला लागली. काकांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? नेमका तेव्हाच खाणीतला दगडमातीचा ढिगारा टाकायला एक उतार तपासायचा होता. उताराच्या पायथ्याशी कामगारांची गल्ली आणि गल्लीत काकांच्या विधवा ताईचं घर. काकांनी पट्टी ओढली, ती पटकन तुटली. त्यांनी तक्त्यात लिहिलं, ‘वाळूसर, पाणी निचरतं, भार पेलेल.’ गल्लीतले लोक धास्तावले होते. ताई घरोघर सांगून आली, "माझ्या भावाने स्वतः माती बघितलीय." लोकांचा जीव भांड्यात पडला.

दोन महिन्यांनी काका ताईकडे चहाला गेले. बोलता बोलता त्यांनी उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं.

"अरे, फडकं घे की!" ताई ओरडली.

बोटांना फोड आले होते आणि काकांना त्याचा पत्ताच नव्हता. चहा तसाच टाकून ते उतारावर गेले. ढिगारा निम्मा चढला होता. शेजारची माती भिजवून त्यांनी या खेपेला फळीवर तळव्याने वळली. ती दोरीसारखी लांबच लांब निघाली. म्हणजे त्या दिवशी पट्टी आपोआप तुटली नव्हती, बधिर बोटांनीच नको तेवढा जोर लावून ती तोडली होती. अशी चिकणमाती पावसात भिजली की वरचं सगळं घेऊन घसरते. काका तडक खाणीच्या साहेबांकडे गेले.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "काका, तुमच्या सहीवरच सगळं मंजूर झालंय. फेरतपासणी मागवतो, पण महिने जातील. तोवर ढिगारा टाकणाऱ्या गाड्या थांबणार नाहीत."

मग काका ताईकडे गेले. "ताई, माझं चुकलं गं. माझ्या बोटांना काही कळत नाही. घर सोड."

"वय झालं की माणूस भित्रा होतो," ताई म्हणाली. "तेव्हा तू बोललास तेच खरं."

गल्लीतही तेच. काका दारोदार हात जोडत फिरले. समोरच्या एका घराने तेवढं ऐकलं आणि सामान हलवायला टेम्पो ठरवला. पावसाळा तोंडावर आला, ताई काही हलेना. तिला तिथे एकटीला ठेवून काकांना घास गोड लागेना. शेवटी त्यांनी वळकटी उचलली आणि तिच्याकडेच राहायला गेले.

ताईला कोण आनंद झाला. ती दारात जाऊन म्हणाली, "बघा, भाऊ स्वतःच राहायला आलाय. आता बोला."

समोर टेम्पो भरत होते. काका तसेच धावले. "तिचं ऐकू नका हो. पाया पडतो, निघा इथून."

घरमालक हसला. "काका, धोका असता तर तुम्ही इथे कशाला आला असता?" आणि टेम्पोत चढवलेला पलंग त्याने पुन्हा खाली घेतला.