कागदावरचे पाच महिने

"म्या एक जून लिहिली म्हणून वाचली पोरगी. न्हाई तर तीबी त्या हेलिकॉप्टरातच गेली असती."

मोठे काका शेजारी जेवायला बसलेल्या पाहुण्यांना सांगत होते. आष्टीला चुलत बहिणीचा साखरपुडा होता. मी वरणाची बादली घेऊन पंगतीत वाढत होते, काकांच्या दोन पानं मागे. त्यांना वाटलं, मला ऐकू गेलं नाही. पाच वर्षं लष्कराच्या कंट्रोल टॉवरमध्ये माझं कामच ऐकायचं होतं.

पाहुणे म्हणाले, नशीब पोरीचं. काका हसले.

काका शाळामास्तर होते. आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला येतो, कारण शाळा जूनमध्ये उघडते आणि पोरांचं वय बसवायचं असतं. माझा जन्म नोव्हेंबरचा. जालन्याच्या इंग्रजी शाळेत प्रवेशाला मी लहान पडत होते. पोरीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून काकांनी खटपट करून एक जूनचा दाखला आणला. मी पाच महिन्यांनी मोठी झाले. घरात पेढे वाटले.

शॉर्ट सर्व्हिस कमिशन घेऊन मी आर्मी एव्हिएशनमध्ये गेले, तेव्हा तिथे स्त्री अधिकाऱ्यांना जमिनीवरचीच कामं होती. ईशान्येच्या डोंगरात, एका स्क्वाड्रनच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये पोस्टिंग मिळाली. सोबत कॅप्टन मीनल. खोली एकच, ड्यूटी आळीपाळीने. पहाटे हवामानाचा रिपोर्ट, मग ब्रीफिंग, उजाडलं की पहिलं उड्डाण. वरच्या चौक्यांवर रेशन, डाक, औषधं जायची. येताना कधी आजारी जवान यायचा. कोणत्या दरीत दुपारी ढग उतरतो, ते आम्हा दोघींना वैमानिकांइतकंच ठाऊक होतं.

मग स्त्रियांनाही हेलिकॉप्टर उडवायची परवानगी मिळाली. आम्ही दोघींनी लगेच नावं दिली. वैमानिकाची ॲप्टिट्यूड टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते. दोघी पास झालो, मेडिकलमध्येही उतरलो. कोर्स एप्रिलचा होता, तो सप्टेंबरवर गेला. वयाला कमाल मर्यादा होती, आणि वय कोर्सच्या पहिल्या दिवशीचं धरणार होते. माझा खरा नोव्हेंबर धरला तर मी बसत होते. कागदावरचा जून धरला तर बाहेर.

ज्या वर्षांत माझं वय बसत होतं, त्या वर्षांत मला अर्जच करता येत नव्हता. अर्ज करता आला तेव्हा वय विचारलं. या गोष्टीचा राग मला आजही येतो. तो कमी व्हावा, असंही वाटत नाही.

कमांडिंग ऑफिसरांनी, आमच्या सीओंनी, वेव्हरसाठी, म्हणजे वयात सूट मिळावी म्हणून, जोरदार शिफारस केली. खऱ्या तारखेचा काही पुरावा असला तर जोडू, म्हणाले. मी काकांना फोन केला. ते हसले. "एक जून कुणाची न्हाई इथं? माझीबी एक जूनच हाय." मी जन्मले तो दवाखाना कधीच बंद पडला होता. आणि कमिशन मिळाल्यावर जन्मतारीख बदलत नाहीत, हेही मला कळलं.

सीओंनी उत्तर उभं राहून सांगितलं. "नो वेव्हर, कॅप्टन."

"राइट सर," मी म्हणाले.

मीनल गेली, शिकली आणि वैमानिक होऊन त्याच स्टेशनवर परत आली. मी टॉवरमध्येच होते.

त्या सकाळी दरड कोसळून एका चौकीवर तीन जवान जखमी झाले. चीता लहान हेलिकॉप्टर आहे, पहिल्या फेरीत दोघेच मावले. मीनल आणि मेजर सूरज त्यांना खाली घेऊन आले. स्ट्रेचर उतरले. इंजिन बंद न करता ते दोघं पुन्हा वर निघाले. टॉवरमध्ये ड्यूटीवर मी होते, आणि रेडिओवर मीनल, तिच्या हेलिकॉप्टरच्या 'ईगल टू' या नावाने.

"टॉवर, ईगल टू. दरीत ढग भरतायत."

"ईगल टू, टॉवर. परत फिरता येईल?"

"एक जण राहिलाय वर. डावीकडून बघते."

"रॉजर."

त्यानंतर आवाज आला नाही. मी हाक देत राहिले. शेवटी सीओंनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. तिसऱ्या जवानाला पायदळाने खांद्यावरून खाली आणलं. तो वाचला. मीनल आणि मेजर सूरज यांचे मृतदेह तिसऱ्या दिवशी सापडले.

पाच वर्षं भरल्यावर मी बाहेर पडले. वयामुळं माझा कोर्स हुकला, यापलीकडे घरी काहीच सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या, घरच्यांनी तेवढंच वाचलं होतं. त्यावर काकांनी आपली गोष्ट रचली आणि दर पंगतीत सांगितली. मी प्रत्येक वेळी वाढत पुढे गेले.

मी त्यांच्या पानापाशी पोचले तेव्हा ते पाहुण्यांना म्हणाले, "ही बघा आमची कॅप्टन. पाच महिन्यांनी जीव वाचला हिचा."

मी बादली खाली ठेवली.

"काका, तिचं नाव मीनल होतं. सोबत मेजर सूरज होते. दोन जवान जिवंत खाली आणून ते तिसऱ्यासाठी परत गेले. तिच्या शेजारच्या सीटवर बसायची माझी लायकी होती, आणि तुमच्या एक जूनमुळं मी खाली राहिले. हे पुन्हा कुणाला हसत सांगू नका."