झोपाळ्यावर बसलेली बाई

गुंद गावाजवळच्या टेकडीवरल्या एका सजवलेल्या बंगल्याचे आणि बागेचे फोटो मी मासिकासाठी काढत होतो. अशा बंगल्यांविरुद्ध पत्रकं वाटणारा मीच, भिंतीवर शोभेला टांगलेलं सूप सरळ करत होतो.

बाग झाडणारी बाई म्हणाली, "माझाबी एक काढ की, झोपाळ्यावर. मालकीण यायच्या आत. भैनीला दावायचाय."

"मावशी, झाडूसकट काढू. श्रमाचं सत्य..."

"झाडू भैनीकडंबी हाय. भाषण मागनं कर, ऊन चाललंय."

पदर सारखा करून ती झोपाळ्यावरच्या भरतकामाच्या उशांना टेकून ऐसपैस बसली.

बाकीच्या फोटोंबरोबर तोही गेला आणि मासिकानं नेमका तोच छापला. आता तिचं काम जाणार, म्हणून निषेधाचं पत्रक लिहून मी गुंदला धावलो.

ती हसली. "मालकिणीनं बघितला की. म्हणाली, उशा झकास आल्यात."

"आणि तुम्ही?"

"मला भैनीनं बघितलं. तुला कशाचा घाम फुटलाय?"

"चढ आहे ना," मी म्हणालो.