आप्पांच्या अंजिराची फांदी

मंडळी, आज सकाळी शिमल्याहून मीनाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, आप्पांचं अंजीर गेलं गं. बर्फानं मुळापर्यंत वाळलं."

तीन वर्षांपूर्वी तिला अंगणात अंजीर लावायचं होतं. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, चाकूरच्या घरच्या झाडाची फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली. "बाजारचं कशाला? आपलं लई गोड हाय. तिथली माकडंबी नाव काढतील!" आपला वाण तिथली थंडी सोसणार नाही, हे मी वाचलं होतं. पण त्यांचा आनंद बघून गप्प बसले.

गेल्या वर्षी आप्पा गेले. त्याच उन्हाळ्यात चाकूरचं झाडही वाळलं. मीनाचंच तेवढं उरलं होतं.

"आता कुठलं लावू?" तिनं विचारलं.

"ब्राउन टर्की जातीचं. थंडी सोसतं, नवख्यालाही जमतं. सुरुवातीला कुंडीत ठेव, हिवाळ्यात घरात घे."

तिनं नाव लिहून घेतलं. मग म्हणाली, "तुला हे तेव्हाच माहीत होतं?"

"हाव."

'निदान कुंडीत लाव,' एवढं तरी मी आप्पांसमोर म्हणू शकले असते. ते रागावले नसते. तुम्ही बोलला असता का?