सर्कशीचा मॅनेजर आणि मुलाचा मामा

पन्नाशीत माणसाला गुडघेदुखी होते, मला चित्रकला झाली. लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या मालिकांतली पात्रं मी आठवून आठवून पेन्सिलीने काढतो. नायक मला जमत नाहीत, सगळे कारकुनासारखे दिसतात. खलनायक मात्र, अहाहा!

त्या रविवारी मी सर्कशीच्या मालिकेतला कपटी मॅनेजर काढला. सिंहाच्या मटणात अफू मिसळणारा तो हलकट! टोकदार मिशा, हनुवटीवर चामखीळ आणि डावी भुवई थेट केसांत घुसलेली. चित्र इतकं झकास उतरलं की मीच दचकलो. लगेच फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'ओळखलंत का याला?'

ग्रुपवर माझ्या चित्राच्या बरोब्बर वर कुणीतरी लिहिलं होतं, दाराबाहेरच्या चपला पुन्हा चोरीला गेल्यात. मी ते वाचलंच नव्हतं. कलावंत स्वतःच्या चित्राखेरीज काही वाचत नाही.

तासाभराने सेक्रेटरींचा फोन. "नीचे आओ, भाई! तुम्हारा चोर पकड लिया!"

वॉचमनच्या केबिनमध्ये तो बसला होता. मिशा, चामखीळ, भुवई, सगळं जिथल्या तिथे! पायांत नुसते मोजे. बूट पुरावा म्हणून वॉचमनच्या मांडीवर.

"यही है ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हाच! अगदी हाच!" आनंदाच्या भरात मी ओरडलो. साक्षात मॅनेजर समोर बसलेला, दुसरं काय म्हणणार?

"मी चोर न्हाय!" तो गरजला. "मी पोराचा मामा हाय! राई गावावरना आलोय, मुलगी बघायला!"

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची मुलगी साडीच्या निऱ्या हातात धरून जिना उतरली. राईच्या एका मुलाशी तिचं ऑफिसातच जमलं होतं. पण त्यांच्याकडे मामाचा शब्द शेवटचा. मामा 'हो' म्हणाला तर लग्न, नाहीतर नाही. म्हणून आजचे कांदेपोहे. बाकीची मंडळी मागून रिक्षाने येत होती, मामा स्कूटरवरून पुढे आला होता आणि थेट केबिनमध्ये पोचला होता.

"काका," ती दात आवळून मला म्हणाली, "काय करून ठेवलंत हे?"

"बूट द्या माझे!" मामा उठला. "न्हाय करायची ही सोयरीक! गेटवरच चोर ठरवतात, घरात काय ठरवतील?"

मी घाईघाईने मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. "मामा, हा चोर नाही हो! सर्कशीचा मॅनेजर! आठवतोय का?"

मामा बघतच राहिला. त्याची डावी भुवई हळूहळू वर चढली. मग पोटातून, थेट त्या मालिकेतलं, सिंहालाही घाम फोडणारं हसू बाहेर पडलं. वॉचमनच्या मांडीवरून बूट खाली पडले.

"आयला! ह्याच्यावरनाच तर मी मिशी ठेवली! पण चुकलास तू. डावं टोक वर होतं त्याचं. नीट कर. तवर मी वर येनार न्हाय."

मुलगी धावत जाऊन माझं चित्र, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन आली. मामा खुर्चीत ताठ बसला. राईची मंडळी पोचली तेव्हा केबिनमध्ये पोहे वाटले जात होते, मामा मोज्यांवर पोझ देत होता आणि ओठ न हलवता मुलीला प्रश्न विचारत होता.

"लग्नानंतर नोकरी सोडशील?"

"नाही सोडणार. मामा, भुवई खाली आली."

मामाने झटकन भुवई वर नेली.

"मासे साफ करता येतात?"

"नाही. शिकेन. काका, टोक अजून वर घ्या. अजून! माझ्या लग्नाचा प्रश्न आहे!"

शेवटी मामाने चित्र हातात घेतलं. लांब धरलं, जवळ धरलं. मुलीचे आईवडील, मुलगा, सेक्रेटरी, सगळ्यांचे चमचे बश्यांतच थांबले.

"आता कसा दिसतोय मानूस!" मामा म्हणाला. "पोरीची नजर बारीक हाय. करा साखरपुडा."

मुलीचे वडील हात जोडून पुढे आले. पण त्यांच्याआधी मीच कमरेत वाकून प्रेक्षकांना अभिवादन केलं.