दुसऱ्याच्या मनगटावरचा सुगंध

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, तर शोभावहिनींचे. मनमाडला आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वडील मला रेल्वेत चिकटवायच्या विचारात होते. नव्यानेच लग्न होऊन आलेल्या वहिनी सासऱ्यांना म्हणाल्या, "बाबा, भाऊजींना केमिस्ट्री करू द्या. नोकरी कुठं पळून जात नाय." म्हणून मी बीएस्सी झालो आणि आज नाशकात एका परफ्यूम कंपनीत वास जुळवायचं काम करतो. पुढचं रागात लिहितोय. त्याला इलाज नाही.

नवरात्राच्या आधी आमचं 'ऑटम लेयरिंग किट' आलं. लेयरिंग म्हणजे दोन-तीन परफ्यूम एकावर एक लावायचे. ते अंगावर मिसळतात आणि तुमचा असा एक वास तयार होतो. बॉक्सवर परदेशातली लाल पानं छापली होती. आपल्याकडे त्या दिवसांत पानं लाल होत नाहीत, उन्हाने माणसं होतात. म्हणून मी किट हलकं ठेवलं. खाली चंदन, त्यावर शेवंती, शेवटी लिंबाच्या सालीचा एक शिडकावा.

ट्रेनिंगमध्ये मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. परफ्यूम गिऱ्हाइकाच्याच मनगटावर लावा, आणि वीस मिनिटं थांबा. आधी अल्कोहोल उडतं, मग वरचे हलके वास जातात, आणि कातडीशी जमणारा वास मागे राहतो. त्याला बेस नोट म्हणतात. प्रत्येकाची कातडी वेगळी, घाम वेगळा. त्यामुळे एकच बाटली दोघांवर सारखी लागत नाही.

आमचे मालक समीर सर म्हणाले, "वीस मिनिटांत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात साडी घेऊन मोकळं होतं." दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. मग कॉलेज रोडच्या आमच्या दुकानात नवीच पद्धत पडली. बायका म्हणायच्या, "माझ्यावर नको गं, मला फंक्शनला जायचंय. तुझ्या हातावर दाखव." काउंटरवरची पल्लवी बाही वर करायची आणि दिवसभर स्वतःच्या हातावर थर चढवायची. संध्याकाळी तिच्या हाताला खाज सुटायची.

अशातच एक मॅडम किट परत घेऊन आल्या. मी त्या दिवशी दुकानातच होतो.

"इथे हिच्या हातावर किती मऊ वास होता! घरी लावला तर मिस्टर म्हणाले, दवाखान्यातून आलीस का?"

समीर सरांनी बाटल्या उघडल्याही नाहीत. ते पल्लवीकडे वळले. "तू घरून काय लावून येतेस?"

"कायच नाय सर. साधा साबण."

"तेल? पावडर? कुठे राहतेस तू?"

तिने वस्तीचं नाव सांगितलं. सरांनी मॅडमकडे बघून खांदे उडवले. "सॉरी मॅडम. या लोकांच्या अंगालाच एक वास असतो. त्याने टेस्टिंग बिघडतं." मग मला म्हणाले, "उद्यापासून ही काउंटरवर नको. हिचा हिशेब करून टाका."

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. पल्लवीने बाही खाली ओढली. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच. पण त्या क्षणी नोकरीपेक्षा तो शब्द मोठा होता. 'या लोकांच्या.' मीही मनमाडच्या अशाच वस्तीतला, त्याच लोकांतला. माझी डिग्री तेवढी भिंतीवर टांगलेली.

मी म्हणालो, "सर, बिघडलंय की नाही ते आत्ताच बघू."

तिघांना उभं केलं. मॅडम, पल्लवी आणि समीर सर. मनगटं नुसत्या पाण्याने धुवायला लावली. त्याच बाटल्या, तेवढाच शिडकावा. आणि वीस मिनिटं कुणालाही हलू दिलं नाही. सर दोनदा घड्याळ बघून म्हणाले, "हा काय शाळेचा प्रयोग आहे?"

"हो," मी म्हणालो.

मग मॅडमना तिन्ही मनगटं हुंगायला सांगितलं. स्वतःच्या मनगटावर त्यांनी नाक मुरडलं. सरांच्या मनगटाशी गेल्या आणि चटकन मागे सरल्या. "हे ओल्या गोणपाटासारखं काय येतंय?" पल्लवीच्या मनगटाशी मात्र थांबल्या. "हाच! मी हाच घेतला होता."

सर लगेच म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो! हिचा स्वतःचा वास मिसळतोय."

"बरोबर सर. आणि तोच वास मॅडमना आवडलाय."

मॅडम खाली बघायला लागल्या. पल्लवी म्हणाली, "त्या दिवशी पण मॅडमनी माझा हात सोडलाच नाय. पाच येळा हुंगला."

मला वाटलं, संपलं. पण सरांचे डोळे चमकले. "अरे, मग प्रॉब्लेमच नाही. सगळ्यांना हिच्याच हातावर दाखवायचं. बाकीच्या मुली बिलिंगला."

"सर, मग माझ्या हाताचा पगार वेगळा लावा," पल्लवी म्हणाली. कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. पाऊण तासापूर्वी जो हात घाण होता, तोच आता सेल्सला हवा होता. मधे एक माणूस आहे, हे सरांना दोन्ही वेळा दिसलं नाही. शिवाय ही गिऱ्हाइकांचीही फसवणूक. वास हिच्या कातडीवर दाखवायचा आणि बाटली दुसरीच्या कातडीसाठी विकायची!

मी सांगितलं, "ज्याचा परफ्यूम त्याच्याच मनगटावर. नाहीतर या किटचं ट्रेनिंग मी देणार नाही." सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. दिवाळी तोंडावर होती आणि वास जुळवणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता. मग म्हणाले, "करा तुमच्या मनासारखं."

मॅडमसाठी मी शेवंती काढून खस घातला. त्यांच्या अंगावर तो छान बसला. घेऊन गेल्या. पल्लवीशी एक शब्द न बोलता गेल्या.

या धंद्यातला धडा एवढाच. अंगाला लावायची वस्तू आपल्या अंगावर तपासावी. आणि दुसऱ्याच्या अंगाला नावं ठेवण्याआधी स्वतःचं मनगट हुंगावं.

फोनवर राग नीट सांगता येत नाही, म्हणून काही दिवसांनी हे सगळं लिहून काढलं आणि सोबत वहिनींना पत्र लिहिलं. ते असं:

"सौ. शोभावहिनींना सा. न.

दुकानात काय झालं ते सोबतच्या कागदांवर लिहिलंच आहे. तुमचा पहिला प्रश्न असेल, नोकरी आहे ना? आहे. पगारवाढीचं मात्र यंदा विसरा. दादाला हे तुम्हीच सांगा, मी सांगितलं की तो ओरडतो.

पल्लवी काउंटरवरच आहे. हातावर मलम लावते आणि गिऱ्हाइकाला सांगते, 'ताई, तुमचा हात पुढं करा.' किटं पूर्वीपेक्षा कमी खपतात, पण परत एकही आलेलं नाही.

सरांनी तिची माफी मागितलेली नाही. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, 'झालं ते झालं, तिला माझ्याकडून सॉरी सांगून टाका.' मी सांगितलं नाही. शब्द त्यांनी भर दुकानात उच्चारला होता. माफीही तिथेच, त्यांच्याच तोंडून यायला हवी. सोमवारी सगळ्यांसमोर मी त्यांना माफी मागायला सांगणार आहे. नाही म्हणाले, तर त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा.

तुमचा,
भाऊजी"